रिकामी मूठ

"टीचर, आता चेहरा लागणार," एल्डर सिवनाथ म्हणाला, आणि थेल्मा जगरूपच्या हातातलं फडकं भिंतीवरच्या पाटीतल्या पाद्री साहेबांच्या पितळी नाकावर होतं तिथंच थांबलं.

शनिवारची सकाळ. चर्चमध्ये ती दोघंच. खाली हाय स्ट्रीटवर टॅक्सीवाले पोर्ट ऑफ स्पेनची गिऱ्हाइकं हाकारत होते आणि उघड्या खिडक्यांतून रिफायनरीचा कुजक्या अंड्यांचा वास आत येत होता. सॅन फर्नांडोत जन्म काढलेल्या माणसाला तो वास येत नाही म्हणतात. थेल्माला आज तो आला. "कुणाचा चेहरा?" तिनं विचारलं, कळलं होतं तरी. "मुलीचा हो. तुमच्या मार्था आजीचा. सप्टेंबरात स्मारकाला साठ वर्षं होतायत, कॅनडाहून पाद्री साहेबांची नात यायचीय. तिला काय हे दाखवायचं? चमचा दिसतो चमचा." सिवनाथ स्वतःच हसला. तो तिचा विद्यार्थी. साताचा पाढा त्याला कधी आला नाही. आता विमे विकतो, चर्चच्या मंडळाचा सेक्रेटरी आहे, आणि अजूनही तिच्यापुढे आला की हात मागे बांधून उभा राहतो. "मंडळानं ठराव केलाय. लेझामा म्हणून कारागीर आहे पोर्ट ऑफ स्पेनला, तो नवा चेहरा बसवून देईल. फक्त त्याला समोर काहीतरी पाहिजे. आजीचा लहानपणचा फोटो तुमच्याकडे असणारच. नाही का, टीचर?"

"बघते," थेल्मा म्हणाली. तिला नाही म्हणायचं होतं. पण चौतीस वर्षं मिशनच्या शाळेत काढली की 'नाही' फक्त पोरांसाठी उरतं. वरच्यांसाठी 'बघते' असतं.

तो गेल्यावर ती पुन्हा पुसायला लागली. हे पुसणं तिच्या घराण्याकडे होतं, आणि तो मान समजला जाई. पाटी दारापेक्षा थोडी लहान, कॅनडात ओतून घेतलेली, मिशनच्या मासिकात छापलेल्या एका फोटोवरून. मधोमध रेव्हरंड डंकन मॅक्लर्ग, लांब कोट, दाढी, डोळे वर. त्यांचा उजवा हात शेजारी उभ्या असलेल्या सात वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर. मुलीचा उजवा हात बाजूला पसरलेला, मूठ मिटलेली, मुठीत काही नाही. खाली अक्षरं: सत्तावीस वर्षे त्यांनी या बेटावरील कुलींमध्ये श्रम केले. अनाथांचे ते नाथ होते. थेल्माला दर शनिवारी त्या 'श्रम' शब्दापाशी घाण वाटायची. साहेबांनी श्रम केले. कुली तेव्हा उसात बहुधा आराम करत होते. पण ती फडकं पुढे सरकवायची, 'अनाथ' शब्दाच्या अक्षरांतला हिरवा कळंक काडीनं काढायची, आणि घरी जाऊन हात तीनदा धुतले तरी जेवताना रोटीला पितळेची चव यायची.

मुलीला चेहरा नव्हता. नाक नाही, डोळे नाहीत, सपाट, गुळगुळीत. आजीनं तो चाळीस वर्षांत घासून टाकला होता. पाद्री साहेबांसाठी मऊ फडकं आणि मिशननं दिलेलं पॉलिश, आणि मुलीच्या तोंडासाठी घरून आणलेली राख, चिंचेचा कोळ आणि काथ्या, मागच्या दारी लोटा-थाळी घासतात तसा. लहानगी थेल्मा बाकावर पाय हलवत बघायची. काथ्याचा आवाज खरखर सगळ्या चर्चमध्ये फिरायचा आणि आजीच्या कोपरावरून काळं पाणी गळायचं. मुठीपाशी आली की आजी काथ्या खाली ठेवायची. मुठीला फक्त खोबरेलाचं बोट लावायची, हळू, तान्ह्या पोराच्या टाळूला लावतात तसं. लोकांनी त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावला. बघा, म्हणे, स्वतःला पुसून टाकलं आणि साहेबांना लखलखीत ठेवलं, नम्रता असावी तर अशी. यावर थेल्मानं तीन पाद्र्यांची तीन प्रवचनं ऐकली होती. आजी पहिल्या बाकावर बसून ती ऐकायची आणि तिच्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही.

खरं काय ते थेल्माला अठराव्या वर्षापासून माहीत होतं. हीच तर सगळ्यात ओंगळ गोष्ट. कुणी फसवलं असतं, अंधारात ठेवलं असतं, तर माणूस निदान रागावू तरी शकतं. ट्रेनिंग कॉलेजला जायच्या दिवशी सकाळी, चुलीवर कोकोचा चहा उकळत असताना, आजीनं खाटेखालून बिस्किटांचा डबा ओढला आणि त्यातून फोटो काढला. "हे बघ. आणि बघून झालं की तोंड मिटून बस, तुझी नोकरी त्यांच्या हातात आहे." फोटो तोच होता, पाटीवरचा, फक्त जास्त रुंद. साहेब होते, साहेबांचा हात होता, मुलगी होती. आणि मुलीची मूठ रिकामी नव्हती. मुठीत एका बाईची दोन बोटं होती. बाई फोटोच्या कडेला उभी होती, डोक्यावर ओढणी, कोपरापर्यंत चांदीची कडी, नाकात फुली, आणि मुलगी साहेबांकडे बघतच नव्हती, मान वळवून त्या बाईकडे बघत होती. "ही माझी माय," आजी म्हणाली.

"मग तुला अनाथ का म्हणतात?"

"तिचं लग्न बांबूच्या मांडवात झालेलं. आपल्या देवापुढं झालेलं लग्न सरकारला तेव्हा दिसायचं नाही. बाप मेलेला, माय बाटायला तयार नाही. बाप कागदावर नाही आणि माय त्यांच्या मोजणीत नाही, मग वहीत दुसरं काय लिहिणार? चार महिने शिकायला ठेव म्हणाले. मायनं ठेवलं." आजी चहा ढवळत होती. "फोटो काढायचा म्हणून मायनं सकाळीच माझं डोकं खोबरेलानं थापलं होतं. साहेबानं हात ठेवला. फोटोवाल्यानं काळ्या कापडातनं डोकं बाहेर काढलं, झालं म्हणाला. मग साहेबानं खिशातनं रुमाल काढला आणि हात पुसला. एकेक बोट पुसलं, बघ. असं." आणि आजीनं ओढणीच्या टोकानं आपलं एकेक बोट पुसून दाखवलं, सावकाश, आणि थेल्मानं त्या सकाळी चहा घेतला नाही. अजूनही कोकोचा चहा तिला चालत नाही. लोकांना ती पित्ताचं कारण सांगते.

आणखी एक गोष्ट आजीनं तेव्हा सांगितली, पाठ फिरवून, भांडी लावता लावता. माय दर शनिवारी मिशनच्या कुंपणापाशी यायची, फडक्यात बांधलेली रोटी आणि टोमॅटो भाजून केलेला चोखा घेऊन, आणि हाक मारायची: सोमारी, ए सोमारी. "मी तेव्हा मार्था झाले होते. बाकीच्या पोरी बघत होत्या. एका शनिवारी मी ओ दिली नाही. झाडामागं उभी राहिले. बराच वेळ हाका मारत होती. पुढच्या शनिवारी आली नाही, मग आलीच नाही. मळ्यावरच्या बराकीतल्या शेजारणीनं पुढं मायकडचा हा फोटो आणून दिला, तेव्हा कळलं माय गेली ते." एवढंच. रडली नाही. डबा खाटेखाली सरकवला आणि थेल्माच्या ट्रंकेची दोरी बांधायला बसली.

मग थेल्मा शिकली, टीचर झाली, हेडमिस्ट्रेस झाली. दरवर्षी पहिल्या आठवड्यात नव्या वर्गाला ती चर्चमध्ये आणायची, पाटीसमोर उभं करायची. हा शाळेचा रिवाज होता, तिच्या आधीच्या कॅनडियन बाईंनी घालून दिलेला. "सांगा बरं, ही मुलगी कुणाकडे हात करतेय?" डावीकडे पूर्वेची खिडकी होती, सकाळी तिच्यातून ऊन यायचं, त्यामुळे उत्तर सोपं होतं. "प्रकाशाकडे, मिस!" चौतीस वर्गांनी दिलं. सिवनाथनं दिलं. बाजारात भाजी घेताना बायका भेटतात, नाक्यावर छोले भरलेले डबल्स खाणारे बाप्ये हात पुसून नमस्कार करतात, म्हणतात, मिस थेल्मा, आठवतं का, प्रकाशाकडे! आणि ती हसते. तिच्या हसण्याचा तिला वीट आला आहे. मुठीवरून फडकं फिरवताना ती वर बघायची नाही, आणि मुलीच्या सपाट तोंडाला तर तिनं या अकरा वर्षांत, आजी गेल्यापासून, कधी राख लावली नव्हती. मऊ फडक्यानं पुसायची. सभ्यपणे.

रविवारी तिनं डबा उघडला. फोटो द्यायचा नाही, सापडला नाही म्हणायचं, असं ती स्वतःला सांगत होती, आणि सांगता सांगता त्याच्यासाठी चांगलासा लिफाफा शोधत होती. आजीनं चाळीस वर्षं हाडं झिजवून त्या हाताखालून आपलं तोंड सोडवून घेतलं होतं. आता तेच तोंड लिफाफ्यात घालून आपण परत नेऊन द्यायचं. हे तिला वही तपासताना चूक दिसावी इतकं स्पष्ट दिसत होतं, आणि तरी बुधवारी दुपारी ती चर्चमध्ये हजर होती, पर्स पोटाशी धरून.

लेझामा उंच, सावळा, साठीचा माणूस, कानामागे पेन्सिल. त्यानं मुलीच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला. "बाई, हे झिजलेलं नाही. हे घासलंय," तो म्हणाला. "माझी आई कढईचं बूड असं घासायची. कुणाचा तरी ह्या तोंडावर राग होता."

"भक्ती होती, भक्ती," सिवनाथ म्हणाला.

"असेल. आणि हा हात. रिकामी मूठ कुणी मुद्दाम करत नसतं. ह्यात काहीतरी होतं." मग थेल्मानं पुढे केलेला लिफाफा त्यानं उघडला, फोटो खिडकीपाशी नेला, आणि नुसता म्हणाला, "अच्छा." सिवनाथ त्याच्या खांद्यावरून डोकावला, चटकन पुढे झाला आणि त्यानं त्या बाईवर आपला अंगठा ठेवला. जाडा, नख नीट कापलेला अंगठा. "ही कुणी मजूरबाई मधे आलीय. ही नको आपल्याला. एवढंच बघायचं, हे असं. कागद चिकटवू हवं तर."

लेझामानं वळून थेल्माकडे बघितलं. "ही कोण, बाई?"

उत्तर तिच्या जिभेवर होतं. दोन शब्दांचं उत्तर, पहिलीतल्या पोरालाही देता आलं असतं. खिडकीतून ऊन बरोबर त्या अंगठ्यावर पडलं होतं, आणि तिला सिवनाथचा अंगठा दिसत नव्हता, स्वतःचा दिसत होता. चौतीस वर्षं तो तिथंच होता. मंडळ काय म्हणेल, शाळा काय म्हणेल, कॅनडाची नात, आमंत्रणपत्रिका, त्यावर छापलेलं 'पहिल्या अनाथ कन्येची नात' हे तिचं बिरुद, हे सगळं एका घोटात गिळल्यासारखं वाटलं. "माहीत नाही," थेल्मा म्हणाली. आवाज स्वच्छ आला, फळ्यासमोर यायचा तसा. पेत्रानं आपल्या गुरूला ओळखत नाही म्हटलं ती गोष्ट ती दर ईस्टरला पोरांना सांगे, आणि पोरं शेवटी आरवणाऱ्या कोंबड्याची वाट बघत बसायची. इथं काही कोंबडा आरवला नाही. खाली एका टॅक्सीनं हॉर्न दिला. लेझामानं आणखी एकदा तिच्याकडे बघितलं आणि फोटो लिफाफ्यात घातला. ती घरी आली, मागच्या दारी बसली, आणि दुपारचं सगळं जेवण ओकली. शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, "मासा बाधला का गं, थेल्मा?" "मासाच," थेल्मा म्हणाली.

सहा आठवड्यांनी फोटो परत आला. बाईवर तपकिरी कागदाची पट्टी होती, डिंकानं चिकटवलेली. तिनं पट्टीवर ओलं फडकं ठेवलं, दम धरला, नखानं एक कोपरा उचलला. कागद निघाला, पण एकटा निघाला नाही. ओढणी, फुली, तोंड, सगळं डिंकाबरोबर सोलून आलं आणि खाली पांढरा पुठ्ठा दिसायला लागला, खरचटलेल्या गुडघ्यासारखा. राहिलं ते फक्त कोपरापासून खाली: कडी, मनगट आणि पोरीच्या मुठीत दिलेली दोन बोटं. जगात त्या बाईचं तोंड एकाच ठिकाणी होतं. पट्टी तिच्या बोटाला चिकटून राहिली. झटकली तरी सुटेना.

समारंभाच्या रविवारी चर्च इतकं भरलं की बाप्ये दारात उभे राहिले. पंखे फिरत होते आणि पावडर, केसांचं तेल, घडी मोडलेल्या सुटातल्या डांबरगोळ्या यांचा वास एकमेकांत कालवला जात होता. मागच्या खोलीत बायकांनी तळलेला गोड कुरमा आणि सँडविचेस झाकून ठेवली होती. पाद्री साहेबांची नात पहिल्या बाकावर, गोरी, घामानं लाल झालेली, साधी बाई. तिनं थेल्माचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडेचना. "माझ्या आजोबांनी तुमच्या आजीला नवं आयुष्य दिलं," असं काहीसं ती म्हणाली, आणि तिचे डोळे खरोखरच भरून आले होते. तिचा काही दोष नव्हता. हात सुटल्यावर थेल्मानं तो झग्याला पुसला, आणि पुसताना स्वतःला पाहिलं: एकेक बोट.

मग सिवनाथनं दोरी ओढली, पडदा पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेझामा कसबी माणूस होता. चेहरा आजीचा होता, सात वर्षांचा, कपाळाला तेलानं चिकटलेल्या केसांसकट. आणि प्रामाणिक माणूस असल्यामुळे त्यानं मान फोटोत होती तशीच वळवली होती. पोर साहेबांकडे बघत नव्हती, आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. पण मूठ आता रिकामी नव्हती. मुठीत एक छोटं पितळी बायबल होतं. "मंडळाची कल्पना," सिवनाथ थेल्माच्या कानाशी म्हणाला. "हात उघडा-बोडका दिसत होता. लेझामा तयारच नव्हता, शेवटी दुसऱ्याकडनं बसवून घेतलं. आवडलं ना?"

थेल्माच्या घशाशी आलं. कडू, पितळी, ओळखीचं. जिथं मायची बोटं होती तिथं चौकोनी ठोकळा बसवला होता, आणि सोमारी, जिनं एकदा ओ दिली नाही म्हणून जन्मभर स्वतःचं तोंड काथ्यानं घासलं, ती आता कायमची त्या ठोकळ्याकडे डोळे लावून उभी राहणार होती. तिथं तिला उभी कुणी केली? साहेबांनी तर एकदाच केलं होतं, आणि ते मेलेही होते.

कार्यक्रमपत्रिकेत पुढचं नाव तिचं होतं. पोरं दोन रांगांत पाटीसमोर उभी होती, पांढरे सदरे, निळे झगे. पहिल्या रांगेत मर्लिन बलदेव, सात वर्षांची, वर्गात प्रश्न पुरा व्हायच्या आत जिचा हात वर जातो ती. आजही गेलाच होता. थेल्मानं घसा साफ केला आणि नेहमीचा प्रश्न नेहमीच्या आवाजात विचारला. "सांगा बरं, ही मुलगी कुणाकडे हात करतेय?"

"प्रकाशाकडे, मिस!" पोरं एका सुरात ओरडली. मागचे बाकही पुटपुटले, हसले. पाहुण्या बाईंनी डोळे टिपले.

"चूक," थेल्मा म्हणाली.

हसणं विझायला थोडा वेळ लागला. तिनं पर्स उघडून फोटो काढला. आवाज वर्गातलाच होता. "चूक. पुन्हा बघा. हिचं नाव सोमारी. ही अनाथ नव्हती. फोटो काढला तेव्हा आई हिच्या शेजारी उभी होती आणि हिनं आईचा हात धरला होता. पाटी करताना आईला कापली."

"टीचर," सिवनाथ उठून उभा राहिला, "टीचर, आता ही वेळ—"

"खाली बस, हॅरल्ड."

तो खाली बसला. कुणीतरी खोकलं. थेल्मा वाट बघत होती, हलकं वाटेल म्हणून, पण काही हलकं झालं नाही. तोंडात तीच चव होती. मर्लिन पुढे आली, टाचा उंचावून फोटो बघायला लागली. सोललेल्या पांढऱ्या जागेवरून तिचं बोट कड्यांपर्यंत आलं, मग मुठीवर थांबलं. मग तिनं मान वर केली. ती रागावली होती, खरी रागावली होती, बरोबर उत्तर लिहून भोपळा मिळालेलं पोर रागावतं तशी.

"पण मिस, प्रकाशाकडे असं तुम्हीच तर शिकवलंत!"

थेल्मानं तिच्या डोक्यावरून मागे बाकांकडे बघितलं. रांगेमागे रांग, सगळी तोंडं तिच्या ओळखीची होती, एकेकाचा हजेरीतला नंबर तिला सांगता आला असता. चौथ्या रांगेत मर्लिनची आई मान खाली घालून बसली होती.

"हो," थेल्मा म्हणाली, आणि फोटो पोरीच्या हातात दिला. "मीच शिकवलं. तुझ्या आईलाही मीच शिकवलं."